सांडूभाऊंचं कोपर

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काही उघडेनासं झालं की एकच वाक्य ऐकू यायचं, "सांडूभाऊंकडं ने." लोणच्याच्या बरणीचं झाकण असो, जाम झालेला नळ असो, नाहीतर स्कूटरचा गंजून बसलेला नट असो. अहो, बजाजनगर म्हणजे निम्मी वस्ती फिटरांची आणि निम्मी टर्नरांची. घराघरात पाने-पकडी लोळायच्या. तरी वस्तू जायची ती सांडूभाऊंच्याच दारात. ते ओट्यावर बशीतून चहा पीत बसलेले असायचे. वर न बघता हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "आण इकडं." वस्तू एकदा उलटी, एकदा सुलटी. डोळे बारीक. मग कटकन आवाज. परत देताना विचारायचे, "झालं समाधान?" आणि पुन्हा बशी तोंडाला.

मी हट्टी बाई. एकदा बरणी घेऊन गेले आणि वर म्हटलं, "तशी मी ढिली करून आणली होती बरं का, भाऊ."

"व्हय व्हय, वैनी. तुम्हीच उघडली. म्या नुस्तं झाकण बाजूला केलं."

आतून केसर फिदीफिदी हसली. केसर म्हणजे त्यांची बायको. ती आणि मी एकाच वर्षी या गल्लीत आलो आणि पहिली दोन वर्षं नळावर कचाकचा भांडलो. त्यातूनच आमची मैत्री झाली.

सांडूभाऊ सिल्लोडकडचे. अंगानं बुटके, मानेनं जाड, आणि हात असे की अर्ध्या बाहीच्या शर्टाची बाही दंडात अडकायची. कंपनीचा निळा शर्ट रविवारीसुद्धा अंगावर. वाळूजच्या एका कारखान्यात ते गिअरबॉक्स जोडायच्या खात्यात होते. नवा भाडेकरू आला की हे जाऊन त्याच्याशी हात मिळवायचे, आणि तो बिचारा दिवसभर बोटं चोळत बसायचा. आमचे हे म्हणायचे, "त्यांना लांबूनच रामराम केलेला बरा." ते हात सोडले तर दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

मग तो अपघात झाला. गंगापूरकडचं एक लग्न उरकून दोघं मोटारसायकलवर परत येत होते. भर दुपार. वाळूजच्या रस्त्यावर कुणीतरी नवाच गतिरोधक करून ठेवलेला, त्याला ना पट्टा ना पाटी. गाडी सांडूभाऊ चालवत होते. त्यांच्या गुडघ्याला खरचटलं. केसर पाठीवर पडली आणि कमरेखालचं तिचं सगळं गेलं, कायमचं. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "वैनी, मला नुस्तं खरचटलं हो." पुढं कितीतरी वेळा म्हणाले. त्या खरचटण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

मूलबाळ नव्हतं. त्यांनी कंपनीत हातापाया पडून कायमची दिवसपाळी मागून घेतली. सकाळी निघायच्या आधी केसरची आंघोळ, कपडे, वेणी. वेणी ते इतकी घट्ट घालायचे की बिचारीच्या भुवया वर चढायच्या. दुपारी मी जाऊन बसायची. आणि संध्याकाळी, बसमधून उतरले की हातपाय धुऊन ते तिला उचलून ओट्यावर आणायचे. कंपन्यांच्या बस गल्लीच्या तोंडाशी थांबत. माणसं उतरत, माणसं चढत. तेवढी गर्दी बघणं हाच केसरचा दिवसातला बाजार. खुर्ची मिळाली होती तिला चाकाची, कुठल्याशा शिबिरात. पण ती दारातून जायची नाही आणि तिच्यात बसवायलाही उचलावंच लागायचं, म्हणून तिच्यावर कपडे वाळायचे.

सांडूभाऊ आत वाकले की केसर ओरडायची, "आलं गं माझं विमान!" ते तिच्यासमोर उभे राहायचे, तिच्या कमरेचं लुगडं दोन्ही बाजूंनी वरून, पालथ्या पंजांनी गच्च पकडायचे आणि हात ताठ ठेवून एका झटक्यात उचलायचे. कंपनीत गिअरबॉक्स उचलतात तशी. आणि केसर? गल्ली बघतेय म्हणून ती दोन्ही हातांनी पदर धरायची. एक हात डोक्यावर, एक छातीशी. इतकी वर्षं आम्ही हे रोज बघितलं. हे वेगळ्या रीतीनं करता येईल असं एकाच्याही मनात आलं नाही.

मदत घ्यायचे नाहीत. मी म्हणायची, माझा धाकटा दीर म्हणायचा, "भाऊ, एक बाजू धरतो." ते मान हलवायचे. "माझं माणूस हाय. मी उचलीन." बस्स. पुढं बोलणं नाही.

कोपराचं दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही, कारण त्यांनी ते लपवलं. मला कळलं ते चहामुळं. आमच्याकडं आले होते. भरलेला कप उचलला आणि बोटांतून असा निसटला, की कुणी हिसकावून घेतल्यासारखं वाटावं. चहा सगळा मांडीवर. मी ओरडले, "भाजलं का?" ते हाताकडं बघत बसले होते. म्हणाले, "नाय. कप गुळगुळीत हाय तुमचा."

कप गुळगुळीत! दहा वर्षं त्याच कपातून पीत होते.

मग माझं लक्ष जायला लागलं. कुलपाची किल्ली डाव्या हातानं फिरवायचे. बसच्या दांड्याला डावा हात. पिळलेला टॉवेल निथळतच दोरीवर. आणि लोक मात्र बरण्या आणतच होते. एकदा समोरच्या बाईनं कुकरचं झाकण अडकलं म्हणून आणलं. "आण इकडं," म्हणाले. उघडलंही. "झालं समाधान?" एवढं मात्र विचारलं नाही. ती गेल्यावर ते मोरीत गेले, आणि आमच्या सामाईक भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. तोंडात टॉवेल कोंबून माणूस कण्हतो तो आवाज.

मी तशीच गेले आणि तावातावानं म्हटलं, "नाही म्हणता येत नाही का तुम्हाला? तोंड शिवलंय का?"

"लोकं काय म्हणतील, वैनी? हातातलं बळ गेलं म्हणतील."

दवाखान्यात गेले. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड एकदम छान आहे, काही नाही." आता बघा, माणूस रात्रंदिवस तळमळतोय, आणि कागदावर काही नाही! सूज नाही, लाली नाही, जखम नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला ते एक टोक असतं ना हाडाचं, तिथं बोट लावलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण ते दाखवणार कुणाला? दुसऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, टेनिस एल्बो. हे नाव कंपनीत कुणाला तरी कळलं आणि झालं. खात्यात सगळे त्यांना 'चॅम्पियन' म्हणायला लागले. "काय चॅम्पियन, आज मॅच न्हाय का?" ज्या माणसानं आयुष्यात कामाला नाही म्हटलं नाही, त्याला कामचुकार ठरवलं या नावानं. घरी येऊन ते केसरला म्हणाले, "मला कुणी बॅट हातात घेतलेलं पाह्यलंय का गं कधी?" विनोद म्हणून नव्हे हो. खरोखर विचारत होते.

मग सुई घेतली, कोपरातच. आठवडाभरात हात असा मोकळा झाला की सांडूभाऊ गल्लीभर सांगत फिरले. नट काढले, बरण्या उघडल्या, कंपनीत जादा काम केलं. महिना-दीड महिन्यानं दुखणं परत आलं, आणि आलं ते आधीपेक्षा वाईट. पुन्हा सुई. पुन्हा तसंच, फक्त आराम थोडे दिवस. तिसऱ्या वेळी डॉक्टरच नको म्हणाले.

त्यानंतर माणूस हताश होऊन जो सांगेल ते करायला लागला. एरंडाची पानं बांधली. हळद-मिठाचा लेप झाला. कोपर दोरीनं करकचून बांधून पाहिलं, तर बोटं निळी पडली. आणि शेवटी आमच्या सासूबाईंचा बिब्बा. त्यांच्या माहेरी कुठंही काही ठणकलं की बिब्बाच. सुईवर बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याच्या तेलाचे ठिपके कोपराभोवती दिले. सांडूभाऊंनी हात पुढं करून डोळे मिटून घेतले. म्हणाले, "आत्या, अजून द्या." दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत फोड. हात असा उतला की बघवेना. सासूबाई घाबरून देवापाशी जाऊन बसल्या.

त्याच दिवसांत ते झालं.

संध्याकाळची वेळ, बस नुकत्याच आलेल्या. मी भाजी निवडत दारात बसले होते. सांडूभाऊ हाताला धडपा गुंडाळून आत गेले. केसरचा आवाज आला, "आज राहू द्या विमान." तिला घेऊन उंबऱ्यापर्यंत आले, आणि उंबऱ्यावर त्यांचा उजवा पंजा उघडला. आपोआप. मी बघितलं, ती बोटं त्यांनी उघडली नव्हती. केसर पायरीवर बसकण मारून पडली आणि तिचा डावा पाय खाली मुडपला.

"काय नाय झालं," ती लगेच म्हणाली. "लागलं नाय मला, खरंच लागलं नाय."

तिला लागणार कसं? दुसऱ्या दिवशी पाऊल भोपळ्यासारखं सुजलं तेव्हा कळलं, हाड मोडलंय. प्लास्टर घालून आणल्यावर ती मला म्हणाली, "ज्या पायाचा उपेग नाय त्याला बी प्लास्टर, बघ." आणि हसायला गेली. सांडूभाऊ शेजारीच उभे होते. ते वळले, भिंतीपाशी गेले आणि उजवं कोपर भिंतीवर आपटायला लागले. "ह्यो! ह्योच हात! गाडीवर बी ह्योच व्हता!" मी धावत जाऊन त्यांना मागून धरलं. माझ्यानं आवरतात का ते? केसर पलंगावरून ओरडत होती, "अवो, नका! अवो, माझी शपथ हाय!" आणि तिला उठता येत नव्हतं.

बातमी वैजापूरला पोचली. केसरचा धाकटा भाऊ, भाऊराव, आला. शेतकरी माणूस, मोठ्या आवाजाचा, पण त्या दिवशी हळू बोलला. "दाजी, राग नका मानू. तुम्ही लई केलं. पण आता तुमच्यानं व्हत नाय. आमच्या घरात दोन भावजया हायत, पोरं हायत, आक्काला कोणीबी उचलीन. पोळा झाला की जीप घेऊन येतो."

सांडूभाऊ काय बोलणार? एक शब्द नाही. केसरही नाही. भाऊराव गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "तू का गप्प बसलीस? जायचंय का तुला?"

"मला कशाला जायचंय गं! पण इथं राह्यले तर ह्यांचा हात पार जाईल. हात गेला तर कंपनी जाईल. जाऊ दे मला. त्यांचं तरी वाचंल."

आणि संध्याकाळी ओट्यावर, रिकाम्या ओट्यावर, सांडूभाऊ मला म्हणाले, "वैनी, ती गेल्यावर मी बसमधून उतरून कुठं जाऊ?"

मी रडले. चिडून रडले. पोळ्याला फार दिवस उरले नव्हते.

छावणी भागात एक व्यायाम-उपचारवाल्या बाई आहेत असं मला कुणीतरी सांगितलं होतं. शाहीन त्यांचं नाव. मी सांडूभाऊंना अक्षरशः ओढत नेलं. रिक्षात ते म्हणत होते, "पुन्हा सुई नको वैनी, पुन्हा बिब्बा नको." शाहीनबाई वयानं लहान, डोक्यावर ओढणी, बोलणं मराठी पण मधूनच आपलं इथलं हिंदी डोकावायचं. फोडांचे डाग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! ये किसने किया?" मी गप्प बसले. सासूचं नाव कोण घेणार?

त्यांनी मूठ मिटायला सांगितली. "आता मनगट वर करा, भाऊ. मी दाबते, तुम्ही खाली येऊ देऊ नका." दाबलं मात्र, सांडूभाऊ किंचाळले.

"हौ. हेच ते. आता ऐका. सांधा चांगला, हाड चांगलं, म्हणून फोटोत काही येत नाही. पण दुखणं खोटं नाही. मनगट वर उचलणारे जे स्नायू आहेत ना, त्यांची दोरी इथं कोपराला बांधलेली असते. पालथ्या हातानं वजन धरलं की सगळा भार त्या दोरीवर. ती थकली, झिजली. सुईनं दुखणं झोपलं, दोरी बरी झाली नव्हती, आणि तुम्ही तिच्याकडून दुप्पट काम घेतलं."

दुखणं खोटं नाही, हे ऐकल्यावर सांडूभाऊंचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"पोळ्यापर्यंत बरं व्हईल?" त्यांनी विचारलं.

"महिने लागतात, भाऊ. नुसता आराम नक्को, नुसता जोर पण नक्को. उजव्या हातात, पालथ्या पंजानं, पाण्याची बाटली घ्या. डाव्या हातानं उजवा पंजा वर न्या, आणि मग उजव्यानं हळू, एकदम हळू खाली सोडा. थोडं दुखेल, घाबरू नका. रोज. ती दोरी अशीच मजबूत होते."

"उचलायचं नाय? नुस्तं खाली सोडायचं?"

"हौ. तेच अवघड आहे."

"मग तोवर बायकोला कोण उचलील? पोळ्याला तिला नेणार हायत!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेर बसलेली माणसं डोकावली. मग मी सगळं सांगितलं. शाहीनबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "कसं उचलता ते दाखवा." सांडूभाऊंनी तिथलं स्टूल तसंच उचलून दाखवलं, पालथ्या पंजांनी. त्यांनी मान हलवली. आणि मग असा प्रश्न विचारला की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"ताईंचे हात कसे आहेत?"

"तिचे हात? चांगले हायत की."

"तुम्ही उचलता तेव्हा ते काय करतात?"

शेवटी मीच म्हटलं, "पदर धरतात."

रविवारी त्या स्कूटरवर घरी आल्या. केसरला पलंगाच्या कडेला बसवलं, तिचे दंड चाचपले, खांद्यावर थाप मारली. "ताई, नळावर पाणी भरलेले हात आहेत हे. पलंग आणि खुर्ची एका उंचीला आणा, मध्ये गुळगुळीत फळी टाका, आणि हातांवर रेटा देऊन सरका. पाय मोडलेला आहे तर एक माणूस पाय धरायला. प्लास्टर उतरलं की तोही नको."

सांडूभाऊ भडकले. इतके भडकलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. "फळीवरनं सरकवायची का माझी बायको? ती काय पेटी हाय?"

केसर खाली बघत म्हणाली, "आता तरी काय हाय मी? पेटीवानीच तर उचलता रोज. कधी विचारलंत का, येऊ का घ्यायला म्हणून?"

शाहीनबाईंनी ओढणी सारखी केली आणि निघून गेल्या. सांडूभाऊ मागल्या अंगणात जाऊन बसले ते दिवस मावळेपर्यंत. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी ते कंपनीतून खोक्याची एक जाड फळी मागून घेऊन आले, आणि डाव्या हातानं वेडीवाकडी कापून पॉलिश पेपरनं घासत बसले. घासायचे, गालावर फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे.

फळी झाली. खुर्चीवरचे कपडे निघाले. पण खुर्चीचा बाजूचा हात काढल्याशिवाय फळी बसेना, आणि त्याचा नट गंजून दगड झालेला. तेल घातलं. सांडूभाऊंनी पाना लावला. उजव्यानं जोर दिला आणि पाना हातातून गळाला. डाव्यानं लावला, सरकला. पुन्हा उजव्यानं. घाम नुसता गळत होता. ज्या माणसाच्या दारात अख्खी गल्ली नट घेऊन यायची, त्याला स्वतःच्या बायकोच्या खुर्चीचा नट निघेना. त्यांनी पाना खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर डोकं गुडघ्यात घालून बसले. "घेऊन जाऊ दे तिला," म्हणाले. "जाऊ दे."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"आण इकडं."

केसरनं हात पुढं केला होता. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली, पाना दिला. तिनं पदर कमरेला खोचला. नटाकडं डोळे बारीक करून बघितलं, अगदी त्यांच्यासारखं. दोन्ही हातांनी पाना धरला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. एकदा, पुन्हा एकदा, आणि कटकन आवाज आला. ती धापा टाकत होती, केस कपाळाला चिकटलेले. पाना त्यांच्यापुढं धरून म्हणाली, "झालं समाधान?"

सांडूभाऊ हसले. मग हसता हसता रडायला लागले, आणि ते रडणं काही केल्या थांबेना. त्यात आनंद होता असं मी म्हणणार नाही. बुडणारा माणूस बाहेर काढल्यावर रडतो तसं ते होतं.

पोळ्यापर्यंत केसर रोज सरकत होती. कधी फळी निसटायची, कधी ती मध्येच अडकून शिव्या द्यायची. मी तिचा प्लास्टरचा पाय धरायची. सांडूभाऊ भिंतीला टेकून उभे, हातात पाण्याची बाटली. डाव्यानं वर, उजव्यानं हळू खाली. नजर मात्र तिच्या हातांवर.

भाऊराव जीप घेऊन आला. बैलांना लावलेला रंग अजून त्याच्या नखांत होता. "चल आक्का," म्हणाला. केसर म्हणाली, "बस. आधी चहा घे, मी येते बाहेर." मी पाय धरला, तिनं फळी टाकली आणि सरकत सरकत खुर्चीत येऊन बसली. दार सांडूभाऊंनी आधीच रुंद करून उंबऱ्यापाशी उतार करून घेतला होता. खुर्ची ओट्यावर आली. भाऊराव बशी हातात धरून तसाच राहिला. म्हणाला, "आक्का, हे कव्हा शिकली?" आणि बाहेर जाऊन जीपच्या आडोशाला उभा राहिला. परतताना जीपमध्ये तो एकटाच होता.

सगळी गल्ली खूश. सांडूभाऊ मात्र जेवले नाहीत. मला म्हणाले, "वैनी, आता माझं काय काम? तिला पाडलं म्या. उचलत व्हतो तोवर वाटायचं, फेडतोय."

मला एवढा राग आला! "ती काय तुमचं प्रायश्चित्त आहे का? बायको आहे ती!" असं म्हटलं, आणि म्हटल्यावर त्यांच्याकडं बघवेना. काय खोटं बोलले होते ते? आतून केसरनं हाक मारली, "अवो, वेणी सुटली माझी." ते उठले.

हात बरा व्हायला पुढचा उन्हाळा आला. दुखणं कधी उतरायचं, कधी पुन्हा चढायचं, आणि चढलं की ते दोन दोन दिवस तोंड उघडायचे नाहीत. शाहीनबाईंनी कोपराखाली बांधायला पट्टा दिला. कंपनीतल्या पान्यांच्या दांड्यांवर त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली, मूठ जाड झाली की कमी आवळावी लागते म्हणून. आणि वजन सुलट्या पंजानं, अंगाजवळ धरून उचलायला शिकले. बरण्या घेऊन लोक अजून यायचे. ते मानेनं खुर्चीकडं खूण करायचे. "तिकडं द्या. मिस्त्री तिकडं हाय."

ते रिटायर झाले आणि दोघं सिल्लोडकडं गावी जायला निघाले, तो दिवस मला शेवटचा आठवतो. टेम्पो भरला. भांडी, पलंग, खुर्ची, ती फळी, सगळं चढलं. केसर ओट्यावर बसलेली. टेम्पोची पुढची सीट छातीइतकी उंच. तिथं फळी चालणार नव्हती, हे सगळ्यांना एकदमच कळलं. आमचे हे पुढं झाले, दीर पुढं झाला. सांडूभाऊंनी हातानंच त्यांना थांबवलं. ते केसरपुढं जाऊन वाकले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

"केसर, उचलू का?"

तिनं त्यांच्या उजव्या कोपराकडं बघितलं. मग त्यांच्या तोंडाकडं.

"उचला. पण खाली सोडताना हळू."

त्यांनी दोन्ही पंजे उताणे करून एक तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला, तिला छातीशी घेतलं आणि उठले. सगळी गल्ली बघत होती. केसरनं दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला, मग खांद्यावरूनही ओघळला. तिनं तो सावरला नाही.